ठमाबाईंचं तेल आणि सुनेचं डोकं

अंथुर्णे गावात ठमाबाईंचं तेल माहीत नसलेलं माणूस शोधायचं तर नुकतंच जन्मलेलं बाळच शोधावं लागेल, आणि त्याच्याही टाळूवर बाराव्या दिवसापर्यंत ते तेल पोचलेलं असतं. माका, जास्वंदीची फुलं, मेथीदाणे आणि आवळ्याच्या फोडी खोबरेल तेलात घालून मंद जाळावर ठेवायच्या, आणि हिरवट काळा रंग आला की फडक्यातून गाळून घ्यायचं. कृती त्या कुणालाही सांगतात. फक्त किती वेळ उकळायचं तेवढं सांगत नाहीत. त्यामुळं गल्लीतल्या बायांचं तेल एक तर कच्चं राहतं नाहीतर करपतं, आणि शेवटी वाटी घेऊन त्या ठमाबाईंच्याच दारात येतात. ठमाबाई वाटी भरून देतात आणि पैशाचं नाव काढलं की डोळे वटारतात.

अशा बाईच्या घरात सुप्रिया सून म्हणून आली. माहेर कळस गावचं, शिक्षण ग्रंथालयाचं, नोकरी बारामतीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं यायचं. ती नऊ वर्षांची असताना तिची आई गेली. वडील सोपानतात्या माणूस देवासारखा, पण वेणी घालणं त्यांच्या हातात नव्हतं. आठवडाभर त्यांनी झटापट केली आणि आठव्या दिवशी लेकीला न्हाव्याकडं नेऊन तिचा बॉबकट करून आणला. पुढं केस वाढले, लांब झाले, पण ते विंचरायला दुसऱ्या कुणाचा हात कधी लागला नाही.

लग्नाच्या पाचव्या दिवशी दिवेलागणीला ठमाबाई तेलाची बाटली घेऊन ओट्यावर बसल्या आणि पायरीकडं बोट दाखवून म्हणाल्या, "बस हितं." सुप्रिया बसली. ठमाबाईंची भेंडी तोडून खरखरीत झालेली बोटं केसांत शिरली आणि सुप्रियाच्या डोळ्यांना धारा लागल्या. किती वर्षांनी कुणीतरी तिचं डोकं मांडीशी धरलं होतं. तेव्हापासून ती पायरी रोज संध्याकाळी तिची झाली. दिवसभर वाचकांनी कितीही डोकं खाल्लं तरी त्या अर्ध्या तासाच्या ओढीनं ती एसटीत उभ्यानं यायची.

घोटाळा एवढाच होता, की सुप्रियाचं डोकं मुळात तेलकट. सकाळी न्हालं तर संध्याकाळी केस चपटे व्हायचे. त्यावर आता रोज अर्धी वाटी तेल. त्यात घरची रीत अशी, की सवाष्णीनं सोमवारी, गुरुवारी, शनिवारी डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, एकादशीला तर नाहीच नाही. उरलेल्या वारांतला नोकरीच्या धांदलीत हाती लागायचा तो फक्त रविवार. सहा दिवसांचं तेल टाळूवर मुरत राहायचं. एसटीच्या खिडकीला डोकं टेकवलं की काचेवर गोल डाग उमटायचा आणि ती तो ओढणीनं गुपचूप पुसायची. तिचा नवरा अजित म्हणाला, "तुझ्या उशीच्या अभ्र्यात भजी तळता येतील." ती हसली, पण मनातून खट्टू झाली.

चार महिन्यांत टाळूला खाज सुटली. कपाळावर पुटकुळ्या आल्या, खांद्यावर कोंडा सांडायला लागला आणि फणीत केसांचा पुंजका यायला लागला. ठमाबाईंनी कोंडा पाहिला आणि निदान केलं. "टाळू कोरडी ठणठणीत पडलीय पोरी. तेल कमी पडतंय." अर्ध्या वाटीची पाऊण वाटी झाली.

गंमत म्हणजे शिकलेल्या सुप्रियालाही तेच खरं वाटलं. कोंडा म्हणजे कोरडेपणा, हे तिनंही धरूनच टाकलं होतं. बारामतीतून तिनं शाम्पूची बाटली आणली ती कोरड्या, राठ केसांसाठीची, सायीसारखी दाट. आठवडाभरात डोकं आणखी चिकट झालं. मग केस गळू नयेत म्हणून दुसरी आणली, आणि केस रेशमासारखे व्हावेत म्हणून तिसरी. तिन्ही तिनं मोरीतल्या पाइपमागं लपवून ठेवल्या, कारण विकतच्या बाटल्या दिसल्या तर आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, वाटेल, आपलं तेल सुनेला नकोसं झालं. तिला भीती होती ती फक्त एका गोष्टीची. तेल नको म्हटलं तर ती पायरीही जाईल. केस गळाले तर गळू देत, पण संध्याकाळचा तो हात जायला नको, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. पुंजका मोठा होत चालला आणि ती गप्प राहिली.

एका रविवारी मोरी घासताना ठमाबाईंचा हात पाइपमागं गेला. एकेक करून तिन्ही बाटल्या बाहेर आल्या.

"सुप्रिया, ह्ये काय हाय?"

सुप्रियानं बाटल्या लपवल्या होत्या खऱ्या, पण तोंडावर खोटं बोलणं तिच्या अंगात नव्हतं. खाज, पुटकुळ्या, फणीतला पुंजका, सगळं तिनं उभ्या उभ्या सांगून टाकलं. "तुमाला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाय, आत्या," ती म्हणाली.

ठमाबाईंनी पदर खोचला, चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चल माज्यासंगं रानात." रागावलेली सासू रानात कशाला नेते, हे सुप्रियाला कळेना. ती मागं निघाली.

ओढ्याकडंच्या दीड एकरात भेंडी आणि वांगी डोलत होती. ठमाबाई बांधावर टेकल्या. "तुजं सासरं गेलं त्या साली हितं ऊस हुता," त्या सांगायला लागल्या. "ऊस पिवळा पडाय लागला. वर मातीवर मिठासारखं पांढरं फुटलं. मला वाटलं, रान तहानलंय. कॅनॉलला पानी आलं की मी आपली पाजतीय, पाजतीय. जितकं पाजीन तितका ऊस वाळतोय. शेवटी शेतीखात्याचा मानूस आला, त्यानं हातभर खड्डा खणला. वर पांढरं फटक आन खाली निस्ता चिखल! पान्यानं सडून रान चिबड झालं हुतं. मीच माज्या हातानं पानी पाजून पाजून बुडवलं. मग पानी तोडलं, ह्यो चर खणला, तवा कुटं दोन वर्सानं रानात जीव आला."

एवढं बोलून त्यांनी सुप्रियाला उन्हात बसवलं. पानामागची कीड बघताना जसं पान उलटतात तशी केसांची बट उलटली आणि मुळापाशी बोट फिरवलं. बोट तेलानं चमकलं.

"वर पांढरं, खाली वल्लं," ठमाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पोरी, तुजं डोकं बी मी चिबड केलं की गं."

डोळे पुसत सुप्रिया घाईघाईनं म्हणाली, "न्हाय हो आत्या, तुमी मायेनं लावत होता."

"उसाला बी मायेनंच पाजलं हुतं," ठमाबाई म्हणाल्या. चूक कळल्यावर तिच्याभोवती घुटमळत बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता. रडून झालं असेल तर उठ, उद्या बारामतीला जायचंय, असं म्हणून त्या घराकडं चालायलाही लागल्या.

दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डात भेंडी उतरवून ठमाबाई कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. जेवणाच्या सुट्टीत दोघी जवळच्या मेडिकलमध्ये गेल्या. दुकानदार मानसिंगराव. त्यांनी सवयीनं सगळ्यात मोठी बाटली काऊंटरवर ठेवली.

"ती ऱ्हाऊ द्या," ठमाबाई म्हणाल्या. "आदी डोकं बगा. तेलकट हाय, कोंडा हाय, खाज हाय. पानी बोरचं हाय, डाळ सुदीक शिजत न्हाय त्यात. आता सांगा काय द्याचं."

एवढी तपशीलवार तक्रार मानसिंगरावांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकली असावी. त्यांनी मोठी बाटली उचलून ठेवली आणि स्टुलावर बसून नीट सांगितलं. तेलकट टाळूला सायीसारखा दाट शाम्पू घेऊ नये, आरपार दिसेल असा पातळ बघावा. कोंडा आहे तोवर आठवड्यातून दोनदा कोंड्याचा शाम्पू, आणि तो लावला की पाचेक मिनिटं टाळूवर राहू द्यायचा. एरवी एक दिवसाआड साधा. शाम्पू चोळायचा तो टाळूला, आणि कंडिशनर लावलाच तर नुसता टोकांना. बोरच्या पाण्यात फेस धरत नाही आणि केसांवर थर बसतो, म्हणून शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे घ्यायचे. "आणि महिन्याभरात फरक पडला नाही, तर माझ्याकडं येऊ नका, कातडीच्या डॉक्टरांकडं जा," ते म्हणाले.

"मग बारक्या पुड्याच द्या," ठमाबाई म्हणाल्या. "नवं औशिद मी आदी दोन सऱ्यांवर मारून बगती. पीक मानवलं तर मग सगळं रान."

सुप्रियाला वाटलं, हे बोलण्यापुरतं असेल. पण संध्याकाळी ठमाबाईंनी फणीनं कपाळापासून मानेपर्यंत सरळ भांग पाडला. उजव्या बाजूला रोजच्यासारखं तेल आणि डाव्या बाजूला थेंबभरसुद्धा नाही. धुवायचं मात्र सगळं डोकं, एक दिवसाआड. "आपल्यालाच कळाय पायजे, गुण कशाचा ते," त्या म्हणाल्या. पंधरा दिवस सुप्रिया अशी अर्धी चोपडलेली आणि अर्धी मोकळी बारामतीला जात होती. एका प्राध्यापकांनी तर विचारलं, "मॅडम, घाईत निघालात का?"

वारांचा प्रश्न पहिल्याच गुरुवारी आला. न्हायची पाळी नेमकी त्या दिवशी. सुप्रिया मोरीच्या दाराशी घुटमळत होती. तेवढ्यात ठमाबाईंनी स्वतः गरम पाण्याची बादली आणून ठेवली. चाळीस वर्षं गुरुवारी डोक्याला पाणी न लावलेली ही बाई. त्या देव्हाऱ्याकडं बघून मोठ्यानं म्हणाल्या, "पोरगी औशिद म्हणून न्हातीय. काय बोल लावायचा तर मला लावा." आणि सुनेला म्हणाल्या, "जा, पानी निवंल." सुप्रियानं बादलीतला पहिला तांब्या डोक्यावर घेतला आणि त्या पाण्यातच रडून घेतलं. आपल्या खाजेसाठी कुणी देवाशी बोलणी करील, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

सोळाव्या दिवशी निकाल लागला. ठमाबाईंनी वर्तमानपत्राचा एक तुकडा डोक्याच्या उजव्या बाजूला दाबला आणि दुसरा डाव्या. उजवीकडच्या तुकड्यावरची अक्षरं तेलानं पार पलीकडून दिसायला लागली. डावीकडचा कोरडा. डावीकडची खाज थांबली होती, पुटकुळ्या बसल्या होत्या आणि फणीत चारच केस आले. ठमाबाईंनी दोन्ही तुकडे उजेडात धरून बघितले आणि खळखळून हसल्या. "हरलं गं माजं तेल!"

त्या आठवड्यात शेजारची सारजा वाटी घेऊन आली. तिच्यादेखत ठमाबाई म्हणाल्या, "माज्या सुनंला माजं तेल चालत न्हाय. तिची टाळू येगळी हाय. तुज्या लेकीची बी बगून घे आदी, उगं थापू नगंस." सुप्रिया आत चहा ढवळत होती, तिचा हात थांबला. ज्या तेलावर या बाईचं गावात नाव, त्याच तेलाबद्दल तिनं शेजारणीसमोर हे सांगावं! सुप्रियाला सासूचा इतका अभिमान वाटला, की चहा उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं.

डोकं सुधारलं. पण तिला ज्याची भीती होती तेच झालं. संध्याकाळी तेलाला काम उरलं नाही, तशी पायरीही रिकामी राहिली. सुप्रिया घरी यायची, ठमाबाई सकाळच्या बाजारासाठी भेंडी निवडत बसलेल्या असायच्या, दोघी चार शब्द बोलायच्या आणि आपापल्या कामाला लागायच्या. तक्रार करण्यासारखं काहीच नव्हतं. तरी एसटीतून उतरताना सुप्रियाला पूर्वीसारखी ओढ लागेना.

पाचव्या की सहाव्या संध्याकाळी तिनं ठमाबाईंच्या डोक्यावरून सरकलेला पदर बघितला. अंबाड्यातून निघालेले पांढरे केस वाळल्या गवतासारखे उभे होते. गावाच्या डोक्याला तेल लावणाऱ्या बाईचं स्वतःचं डोकं इतकं कोरडं, हे अकरा महिन्यांत तिच्या नजरेलाच पडलं नव्हतं. ती आत गेली, बाटली घेऊन आली आणि ओट्यावर बसली.

"आत्या, भेंडी ऱ्हाऊ द्या. खाली बसा पायरीवर."

"मला कशाला गं?"

"बसा तर खरं. तुमची टाळू बघते. ही कोरडीच हाय."

ठमाबाई कुरकुरत बसल्या. सुप्रियानं अंबाडा सोडला. तेल लावायची तिला सवय नव्हती, थोडं कानामागून ओघळलंही. ठमाबाई एरवी अशा वेळी हजार सूचना देतील, पण आज त्यांनी नुसती मान सैल सोडली. सुप्रियानं विचारलं, "तुमाला कोण लावायचं, आत्या?"

"आई लावायची. लगीन झालं, मग कोन लावनार." त्या समोरच्या रस्त्याकडं बघत राहिल्या. सुप्रियाची बोटं त्यांच्या केसांतून फिरत होती. वेणी घालून झाली तरी ठमाबाई उठल्या नाहीत. अख्ख्या गावाला न मागता देणारी ती बाई मान न वळवता, अगदी हळू आवाजात म्हणाली, "सुप्रिया, उद्या बी लावशील का गं?"