वाट्याची कोंबडी

सुंदरावहिनी आपल्या सरपणाच्या ढिगावर चुन्याची तिरकी रेघ ओढून ठेवते. कोणी लाकूड ओढून नेलं तर रेघ मोडते आणि चोरी कळते. आजवर ती रेघ मोडली ती तिनं स्वतः चुलीसाठी लाकडं काढली तेव्हाच. तरीही प्रत्येक वेळी ती आधी गल्लीत दोन्हीकडे पाहून घेते. गिरणीवाला पीठ मागे ठेवतो, कंडक्टर मुद्दाम पुढच्या थांब्यावर उतरवतो, आणि शेजारी कोणी हसलं तर ते आपल्यालाच, अशी तिची पक्की समजूत. नवरा गेल्यापासून घरात ती एकटी असते. मुलगा प्रणित भिवंडीला गोदामात कामाला आहे. सणावारी आला तर आला.

आमचं गाव टोकावड्याच्या अलीकडे, रस्ता सोडून आत. माझ्या घराच्या एका अंगाला सुंदरावहिनी आणि दुसऱ्या अंगाला तिची थोरली जाऊ गिरजाबाई. मी मुरबाडला रोज नोकरीला जातो, रविवारी दिवसभर घरी असतो. त्यामुळे दोघींची भांडणं बहुधा रविवारी माझ्या अंगणात येतात.

गेल्या वर्षी गिरजाबाईनं तिला एक तांबडी तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, वाट्यानं दिली. आमच्याकडे ही पद्धत जुनी आहे. कोंबडी एकीची, राखण दुसरीची, पिल्लं निम्मी निम्मी. कोंबडी मेली तर राखणारीनं ती मालकिणीला पंख-पायांसकट नेऊन दाखवायची. नाही दाखवली तर ती चुलीवर गेली असं सगळी आळी धरून चालते, आणि अशा बाईला पुन्हा कोणी वाट्यानं काही देत नाही. ना कोंबडी, ना शेळी. सुंदरावहिनीच्या मनात गिरजाबाईकडून शेळीचं पिल्लू घ्यायचं होतं. तेव्हा तांबडी धडधाकट राहणं तिला फार गरजेचं होतं.

वाल हातभर वर आले होते तेव्हाची गोष्ट. रविवारी सकाळी ती पाटीत तांबडी घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "भाऊ, तुमी पंच म्हणून बघा. मी काय बोलत नाय. तुमीच बघा आणि सांगा."

मी पाटीवरचं फडकं काढलं. कोंबडी मान आत ओढून बसली होती. उजव्या पंखाखाली पिसं रक्तानं चिकटली होती. पंख उचलला तर बरगडीवर बोटभर लांब चीर होती, कातडी बाजूला झालेली आणि आतलं मांस उघडं. माशा लगेच जमल्या.

"कुत्रं असेल," मी म्हणालो.

"कुत्र्याचे दात दोनी बाजूंनी लागतात. ह्ये एकाच बाजूला हाय. आणि सरळ हाय. कोयत्यानं भोपळा चिरावा तसं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तिच्या वालात शिरली व्हती परवा. लय शिव्या दिल्यान तिनं. ऐकल्यात मी."

'ती' म्हणजे गिरजाबाई. शिव्या मीही ऐकल्या होत्या. तांबडीनं वालाची एक ओळ उकरून काढली होती आणि गिरजाबाई विळा हातात घेऊनच धावली होती. जखमेची कड खरंच सरळ होती. माझ्याही मनात शंका आली, आणि ती तोंडावर दिसली असावी. कारण सुंदरावहिनी एकदम समाधानानं खाली बसली.

"पण स्वतःच्या कोंबडीला कोण मारील?" मी विचारलं.

"निम्मी तिची. निम्मी माझी. तिनं माझी निम्मी मारली."

मी ओळखीच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं ते सोपं होतं: पाणी उकळून, मीठ घालून कोमट करा, जखम धुवा, भोवतीची पिसं कापा, मेडिकलमधलं आयोडीनचं औषध पातळ करून लावा. रॉकेल, फिनेल काही ओतू नका. अळ्या दिसल्या तर चिमट्यानं काढा. आणि बाकी कोंबड्यांपासून वेगळी ठेवा, कारण रक्त दिसलं की त्या तिथेच चोची मारतात.

सुंदरावहिनीनं फोनवरचा आवाज कान देऊन ऐकला. "डॉक्टर तिच्या माहेरचा तर नाय?"

"नाही हो."

मी कोंबडी टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरली, डोक्यावर टॉवेलाचं टोक ओढलं. अंधार झाला की कोंबडी गप्प होते. वहिनीनं कात्रीनं पिसं कापली. हात तिचा हलका होता, हे कबूल केलं पाहिजे. मिठाच्या पाण्याची धार सोडली तशी कोंबडी एकदा थरथरली आणि पुन्हा निपचित पडली. जखमेच्या टोकाला दोन-तीन पांढऱ्या अळ्या निघाल्या. त्या तिनं भुवया उपटायच्या चिमट्यानं उचलून राखेत टाकल्या. औषधाची बाटली मात्र तिनं आधी उजेडात धरली, हुंगली आणि विचारलं, "झाकण सैल कसं?"

"आमच्या घरात वापरलेली आहे. माझा गुडघा खरचटला होता."

"दाखवा गुडघा."

मी गुडघा दाखवला. तेव्हा कुठे औषध लागलं.

कोंबडी तिनं घरात बांबूच्या डालग्याखाली ठेवली. दुपारपर्यंत गिरजाबाईला खबर गेली आणि ती कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

"सुंदरे, तांबडी कुटं हाय? दिसत नाय ती सकाळपासून."

"हाय घरात. जगतेय. तुझ्या मनासारखं झालं नाय."

"माझ्या मनासारखं म्हंजे?"

"विळा कुटं हाय तुझा?"

गिरजाबाई म्हणाली, "अगो, तूच कापायला घेतली असशील, हातातनं निसटली असंल. आता माझ्या डोक्यावर घालतेस? दाखव मला कोंबडी."

"लांबून बघ. हात नको लावूस."

पुढचा आठवडाभर हेच चाललं. गिरजाबाई रोज कोंबडी बघायला यायची, कारण तिला वाटायचं की ही ती विकून टाकील आणि मेली म्हणून सांगेल. सुंदरावहिनी तिला दारातच थांबवायची, कारण तिला वाटायचं की ही डालग्यात काहीतरी टाकील. एकदा गिरजाबाईनं मूठभर तांदळाच्या कण्या आणल्या. वहिनीनं त्या घेतल्या आणि आधी आपल्या दुसऱ्या कोंबडीला घातल्या. दुसरी कोंबडी बरी राहिली, तेव्हा तांबडीच्या वाट्याला कण्या आल्या. संध्याकाळी मी कामावरून आलो की दोघी मला वेगवेगळं गाठायच्या आणि दुसरीनं काय काय केलं ते सांगायच्या. मी मान हलवायचो. खरं सांगायचं तर मलाही गिरजाबाईचा विळा दिसला की त्याच्या धारेकडे नजर जायची.

जखम मात्र सुधारत होती. वहिनी सकाळ-संध्याकाळ धूत होती, औषध लावत होती, माशा बसू नयेत म्हणून डालग्यावर जुनी पातळ साडी टाकत होती. कडा आत ओढल्या गेल्या, वर कोरडी खपली धरली. पुढच्या रविवारी तांबडी डालग्याला आतून चोची मारू लागली.

"सोडते थोडी उन्हात," वहिनी म्हणाली. "तुमी उभे रावा. आणि तिलाबी बोलवा. बघू दे, जिती हाय ती."

गिरजाबाई आली. डालगं उचललं. तांबडी दोन पावलं चालली, पंख झटकला, मातीत चोच घातली. गिरजाबाईच्या तोंडून "बरी दिसते" एवढं निघतंय तोवर सुंदरावहिनीचा कोंबडा गोठ्याच्या मागून धावत आला.

हा कोंबडा देवाचा. प्रणितला काम लागू दे म्हणून वहिनीनं तो डोंगरावरच्या देवीला बोलला होता. काम लागलं. पण नवस फेडायला मुलगा हजर हवा आणि त्याला रजा मिळत नव्हती. म्हणून इतर कोंबडे वर्षाच्या आत जातात तसा हा गेला नाही. पावसाळ्यामागून पावसाळे काढून बसला होता. देवाचा म्हणून त्याला कोणी हात लावत नसे, हाकलतही नसे. त्याच्या पायामागचे काटे वाढून वाढून बाभळीच्या काट्यासारखे लांब आणि टोकदार झाले होते.

त्यानं तांबडीच्या मानेची पिसं चोचीत धरली, पाठीवर चढला आणि तोल सावरायला दोन्ही पाय तिच्या कुशीत रोवले. तांबडी किंचाळली. कोंबडा उतरला तेव्हा खपलीच्या शेजारी नवी रेघ उमटली होती, तशीच सरळ, आणि तिच्यातून रक्त येत होतं.

आम्ही तिघंही त्याच्या पायांकडे बघत राहिलो. देवाच्या कोंबड्यावर संशय घ्यायचं कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

गिरजाबाईनं आधी तोंड उघडलं. "विळा माझा, नाय का गो?"

सुंदरावहिनीनं तांबडी उचलली, पदरानं रक्त पुसलं.

"काटे कापून टाका," मी म्हणालो.

"देवाचं हाय. खोट आलेला कसा द्यायचा देवीला?"

"मग कोंडून ठेवा त्याला."

"देवाला कोंडू?"

आता तांबडी त्या अंगणात राहू शकत नव्हती, हे दोघींना कळत होतं. गिरजाबाईकडे कोंबडा नव्हता. तिनं हात पुढे केला. "दे. बरी व्हईतो माझ्याकडे ऱ्हाऊ दे. मग घेऊन जा."

सुंदरावहिनीनं कोंबडी छातीशी आणखी घट्ट धरली. तिच्या चेहऱ्यावरून एकामागून एक विचार जाताना दिसत होते: ही परत देईल का, हिनं बदलून दुसरी दिली तर, वाट्याचं बोलणं मोडलं तर. मग तांबडीनं मान वळवून आपल्याच जखमेला चोच लावली. वहिनीनं ती चोच बोटांनी बाजूला केली आणि कोंबडी गिरजाबाईच्या हातात दिली. पाठोपाठ औषधाची बाटली, चिमटा आणि साडीचा तुकडाही दिला.

"पाणी उकळूनच घ्यायचं. मीठ जास्ती नाय."

"कळतं मला."

"कळतं तर कळतं. मी सकाळी येऊन बघणार."

"ये ना. रोज ये. विळा दारातच ठेवते, तोबी बघ."

तेव्हापासून सुंदरावहिनी रोज सकाळी गिरजाबाईच्या पडवीत बसलेली दिसते. तांबडी मांडीवर, गिरजाबाई पाणी ओतते, ही धुते. काल मी गाडी पकडायला निघालो तेव्हा वहिनी जखमेवर वाकून म्हणत होती, "कालच्यापेक्षा वल्ली दिसते गो. रात्री काय केलंस तू हिला?"

"अंगाई म्हटली," गिरजाबाई म्हणाली. "धर नीट, पंख सुटला तुझ्या हातातनं."