व इतर सात

माझा काका दगडावर नावं कोरतो. दुकानांची, घरांची आणि गेलेल्या माणसांचीही. स्वभावाने तिरसट, गिऱ्हाइकाला "बसा" म्हणेल तर शपथ. पण अक्षर असं, की बघतच राहावं.

एका सकाळी एक मालवाहू विमान धावपट्टीवरून उठलं, पण वर चढेचना. विमानतळाच्या भिंतीपलीकडच्या आमच्या गॅरेजांच्या गल्लीवर येऊन कोसळलं. दोघे वैमानिक गेले आणि गल्लीतले सात जण. त्यातला एक काकाचा जिवलग मित्र, गाड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. जाड भिंगांच्या चष्म्यामुळे अख्खी गल्ली त्याला ढापण्या म्हणायची.

वर्षभराने विमानतळाचे साहेब स्मारकाचा मजकूर घेऊन काकाकडे आले. वैमानिकांची नावं होती आणि खाली 'व इतर सात'.

काकाने हातातली छिन्नी खाली ठेवली. "इतर कोण? हा इतर रोज माझ्या डब्यातली भाजी खायचा."

"अहो, दगडावर जागा कुठंय?"

"मग दगड मोठा आणा. नऊ नावं, सगळी एकाच मापाची. नाहीतर दुसरीकडे बघा."

"घ्या! चालून आलेलं काम घालवलंत," काकू म्हणाली. पण त्या दिवशी काकाला वाढताना तिचा हात जरा सैलच सुटला होता.

साहेब शहरभर फिरले. पण पाट्या कोरणाऱ्यांमध्ये बातमी आधीच पोचली होती. जो तो म्हणे, "ते काम त्याचंच. त्यालाच विचारा." शेवटी साहेब मुकाट्याने परत आले, मोठा दगड घेऊन. मला इतका अभिमान वाटला, की काही काम नसताना मी गल्लीतून दोन चकरा मारून आले.

मग काका एकेका घरी नाव विचारत गेला. ढापण्याच्या आईला म्हणाला, "मावशी, त्याचं शाळेतलं नाव सांगा."

"त्या नावाने हाक मारली तर वळून तरी बघेल का तो? तुम्ही सगळे म्हणायचात तेच घाल."

अनावरणाला साहेब माईकवर नावं वाचू लागले. वैमानिकांची वाचली, गल्लीतली वाचली आणि एका नावाशी अडखळले. दगडाकडे बघितलं, मग काकाकडे. काका ढिम्म.

एका वैमानिकाच्या बायकोशेजारी बसलेली मावशी उठून उभी राहिली. "वाचा की, साहेब. माझाच आहे तो."

"ढापण्या," साहेबांनी वाचलं.