पंचफुलाच्या लेकीच्या कपाळावरचं पाणी

हे मी आयुष्यभर कोणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, बहिणीला नाही, कुमसाराच्या, म्हणजे पापकबुलीच्या, जाळीपलीकडे बसलेल्या एकाही फादरला नाही. गेल्या वर्षी मात्र दोन ठिकाणी गेले आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगून आले. तेव्हापासून मला नीट झोप लागते. आता तुम्हाला सांगायला भीती वाटत नाही. उलट — कसं सांगू — बरंच वाटतं.

मी वसईची. नर्सिंग शिकले आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वऱ्हाडात आले. सिस्टर व्हायचं नव्हतं, लग्नही करायचं नव्हतं. मिशनच्या घरात राहून मिशनचं काम करणाऱ्या, पण व्रतं न घेतलेल्या बायका तेव्हा फार नव्हत्या. मी त्यातली एक. वाशीम तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळं अकोल्यातच मोडायचं. जऊळक्याच्या स्टेशनावर उतरायचं आणि पुढे बैलगाडी. टिनपत्र्याच्या घरात आम्ही चौघं — फादर, घर सांभाळणाऱ्या थोरल्या सिस्टर, दवाखान्याच्या सिस्टर फिलोमिना आणि मी.

ते दिवस चांगले होते, हे आधी सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला वाटेल, तिथे सगळं उदासच होतं. पहाटे एकत्र प्रार्थना, मग ज्याची पाळी त्याने विहिरीवरून पाणी आणायचं. रविवारी भांडी फादर घासायचे आणि ज्वारीची भाकर थापायला शिकायचे. त्यांची भाकर कधीच गोल झाली नाही. शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघं ओसरीवर बसायचो आणि आठवड्यात कोण कुठे चुकलं ते ज्याने त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मी आवाज चढवला. मी आळस केला. मी भाजीतला बटाटा आधी उचलला. हसायचो पण खूप. अशा घरात राहून मी जे केलं ते केलं — यात घराचा काही दोष नाही.

गावाच्या खालच्या अंगाला बौद्धांची वस्ती होती. आमचे बहुतेक रोगी तिथूनच यायचे. दवाखाना उघडला तेव्हा वस्तीतले एक वयस्क गुरुजी फादरांकडे आले होते. खुर्चीवर ताठ बसले आणि म्हणाले, "साहेब, एक गोष्ट साफ सांगतो. आमी एक धर्म सोडला अन् दुसरा घेतला, आपल्या मर्जीनं घेतला. त्याच्यासाठी लय सोसलं. तुमचं औषध पाह्यजे आमाले. पण आमच्या लेकरायच्या डोक्यावर तुमचं पाणी नको."

फादरांनी शब्द दिला. आम्हा तिघींना समोर उभं करून दिला. मीसुद्धा मान हलवली. गुरुजींचं म्हणणं मला तेव्हा पटलं होतं का? पटलं होतं. म्हणून तर हे सगळं जड गेलं.

आता सिस्टर फिलोमिनाबद्दल. ती केरळची. मराठी मोडकं बोलायची, "तू कुठे दुखतो" असं बायकांना विचारायची आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पण रांग तिच्यापुढे लागायची. मी रिकामी असले तरी बायका म्हणायच्या, "राहू द्या बाई, आमी सिष्टरसाठी थांबतो." तिची एक सवय होती. आजारी लेकरू दिसलं की ती अंगठ्याने त्याच्या कपाळावर बारीकसा क्रूस काढायची. पाणी नाही, मंत्र नाही, नुसता अंगठा. आपण लेकराच्या गालावर हात फिरवतो तसं. मला ते खटकायचं. खरं तर क्रूस खटकत नव्हता. रांग खटकत होती. शनिवारच्या बैठकीत हे मी एकदाही बोलले नाही. बटाट्याचं मात्र बोलले.

दुष्काळाचा तो उन्हाळा होता. गावातली निम्मी माणसं सरकारी कामावर खडी फोडायला जायची. हगवणीची साथ आली. एका दुपारी पंचफुलाची सासू लेकरू घेऊन आली. पंचफुला, विशीतली पोर, तिची पहिलीच लेक — सुजाता. पंचफुला कामावर होती. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. फिलोमिना शेजारच्या गावी बाळंतिणीकडे गेलेली. दवाखान्यात मी एकटी.

लेकराचे डोळे खोल गेले होते. कातडीची चिमटी सोडली तरी तशीच उभी राहायची. मी सलाईनची सुई टोचली, शीर सापडली नाही. पुन्हा टोचली. पुन्हा नाही. घामाने माझा हात सटकत होता. मग मी सुई ठेवून दिली. टेबलावर उकळून गार केलेल्या पाण्याचा पेला होता. त्यात साखर-मीठ घालून चमच्याने पाजायला घ्यायचं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माझ्या मनाने — आता नीट ऐका — माझ्या मनाने त्या लेकराला सोडून दिलं होतं. ही जाणार. मग निदान तिचा आत्मा तरी वाचवते, असं वाटलं. वाटलं म्हणजे फार उदात्त वाटलं. मी तो पेला उचलला, तिच्या कपाळावर तीनदा पाणी ओतलं आणि पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने तिचा बाप्तिस्मा केला.

मान वर केली तर म्हातारी दारात उभी.

मी पेला टेबलावर ठेवला. तेवढ्यात फिलोमिना आली. तिने चप्पलसुद्धा काढली नाही. लेकराचं पाऊल हातात धरलं, घोट्याजवळ चाचपलं आणि सुई घातली. मग संध्याकाळपर्यंत ओठांवर थेंब थेंब साखर-मीठ-पाणी. सुजाता जगली. दोनच दिवसांत रडायला लागली, असं की ओसरीवर प्रार्थना ऐकू येईना.

आणि मला काय वाटलं? आनंद झाला. खोटं कशाला बोलू, झालाच. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला. ही तर जगली. आता हिच्या कपाळावर मी ओतलेलं पाणी आहे, आणि ते हिच्या आईला माहीत नाही.

म्हातारी घरी जाऊन बोलली. "पांढऱ्या लुगड्याच्या बाईनं लेकराच्या डोक्यावर पाणी सोडलं, काई पुटपुटली." दवाखान्यात फिलोमिना पांढरं नेसायची आणि मीही. वस्तीत बोभाटा झाला. दवाखान्याची रांग ओस पडली. गुरुजी पुन्हा आले, या वेळी खुर्चीवर बसले नाहीत. "साहेब, शब्द देल्ला होता तुमी," एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी फादरांनी आम्हाला ओसरीवर बसवलं. शनिवार नव्हता. ते रागावले नव्हते, नुसते थकलेले दिसत होते. "ज्याने केलं असेल त्याने सांगावं," ते म्हणाले. "मरणाच्या दारात असलेल्याला बाप्तिस्मा देणं हे चर्चच्या नियमात बसतं. पण आपण शब्द दिला होता. मला उद्या जाऊन माफी मागायची आहे. खरं काय ते माहीत असल्याशिवाय मी माफी कशी मागू?"

किती सोपं करून दिलं होतं त्यांनी. बोलले असते तर काय झालं असतं? ओरडा बसला असता. फार तर मला वसईला परत पाठवलं असतं.

फिलोमिना म्हणाली, "मी पाणी घातला नाही, फादर."

मी म्हटलं, "मीही नाही."

इथवरच थांबले असते तर ते भित्रेपण म्हणता आलं असतं. पण मी पुढे बोलले. कोणी विचारलं नसताना बोलले. "पण सिस्टर लेकरांच्या कपाळावर क्रूस काढतात. नेहमीच काढतात. हात ओला असला तर म्हातारीला तसं वाटलं असेल."

यातला एकेक शब्द खरा वाटावा असाच होता. म्हणून तर तो चालला. फादरांनी फिलोमिनाकडे बघितलं. त्यांनी विचारल्यावर तिने खाली मान घालून सांगितलं, "हो, क्रूस काढतो मी." तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती बघेल म्हणून मी उगाच पदराचं टोक पिळत बसले होते.

फादर वस्तीत गेले, पाणी ओतलं नव्हतं, ओल्या हाताने क्रूस काढला होता असं सांगून माफी मागून आले. पावसाळ्याच्या आधी फिलोमिनाची बदली झाली. जऊळक्याच्या स्टेशनावर तिला सोडायला मीच गेले. गाडी येईपर्यंत तिने मला, कोणत्या बाईला किती महिने झालेत, कोणाला रक्ताच्या गोळ्या द्यायच्या, हे सगळं समजावून सांगितलं.

पुढे काय झालं? दवाखाना पुन्हा भरला. रांग माझ्यापुढे लागायला लागली. 'ती' बाई गेली म्हणून लोक निर्धास्त झाले होते. दशक संपेपर्यंत मी तिथे राहिले. सुजाताला पाटी घेऊन शाळेत जाताना बघितलं. पंचफुला मला हुरडा आणून द्यायची आणि मी तो खायचे. दर शनिवारी ओसरीवर काहीतरी किरकोळ कबूल करायचे. कुमसाराला "खोटं बोलले" इतकंच म्हणायचे. कोणाशी, कशाबद्दल — नाही.

मग वसईला परतले आणि म्हातारी झाले. गेल्या वर्षी कळलं की फिलोमिना नागपूरला, त्यांच्या थकलेल्या सिस्टरांच्या घरात आहे. गेले. ती खिडकीपाशी बसली होती, ओळखायला वेळ लागला. मी प्रस्तावना केली नाही. पाणी मी ओतलं होतं, आणि तुझ्यावर मी ढकललं, असं सांगितलं.

मला वाटलं होतं, ती म्हणेल की मला तेव्हाच कळलं होतं. ती तसं म्हणाली नाही. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "म्हणजे मी नव्हतो?"

मला काही समजेना. तेव्हा तिने सांगितलं. त्या उन्हाळ्यात ती इतकी दमलेली असायची की काय केलं, काय नाही, ते संध्याकाळी आठवायचं नाही. मी ओसरीवर तसं बोलल्यावर तिला स्वतःचाच संशय आला होता. आपलाच हात ओला असेल. आपण नकळत ते शब्द बोललो असू. एवढी वर्षं ती त्या लेकरासाठी आणि आपण मोडलेल्या शब्दासाठी क्षमा मागत होती. त्या बदलीनंतर तिने एकाही लेकराच्या कपाळाला हात लावला नव्हता.

तुम्हाला वाटत असेल, तिने मला माफ केलं का? मी विचारलं नाही, तिनेही काढलं नाही. पण ती हसली. ओले डोळे पुसत, तोंडाला पदर लावून, त्या वस्तीतल्या बायकांसारखी हसली. "मी नव्हतो," असं दोनदा म्हणाली. मी निघाले तेव्हा चहा घेऊन आलेल्या मुलीलाही तिने तेच सांगितलं.

तिथून मी परस्पर वऱ्हाडात गेले. सुजाता आता वाशीमला शिक्षिका आहे, पंचफुला तिच्याजवळच राहते. पंचफुला तूर निवडत बसली होती. मला बघून तिला आनंद झाला, तिने सुपातली तूर बाजूला सारून जागा केली. मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं — पाणी, शब्द, फिलोमिना, आणि तिच्या सासूला खोटं पाडलं तेही. सुजाता दारात उभी राहून ऐकत होती.

सुजाता म्हणाली, "माह्या कपाळावरचं पाणी कवाच वाळलं, बाई. मी बौद्धच आहो. पण माही आजी मरेपर्यंत म्हनत होती का मले दिसलं ते खरं होतं. कोनी तिचं ऐकलं नाही."

तुरीतला एक खडा काढून पंचफुलाने बाजूला ठेवला. मग माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, "लेकरू तवा जितं होतं ना?"

"हो."

"जित्या लेकराच्या तोंडात पानी घालाचं सोडून तुमी ते डोक्यावर घातलं. तुमी तिले मेलेली धरली होती."

एवढ्या वर्षांत मी स्वतःला खोटारडी म्हटलं होतं, भित्री म्हटलं होतं, मत्सरी म्हटलं होतं. हे मात्र कधी म्हटलं नव्हतं. आणि सगळ्यांत खरं तेच होतं.

"हो," मी म्हटलं. "धरली होती."

तिने मान हलवली आणि सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. सुजाता फाटकापर्यंत आली, स्टँडकडे जाणारा रस्ता कोणता ते तिने दाखवलं. ऊन कलत आलं होतं. मी चालत निघाले.