बालिष्टरचं इंग्रजी
वकील भाचीच्या काळ्या कोटाला डांबरगोळ्यांचा वास आला की मी पुन्हा नऊ वर्षांची होऊन भिवंडीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात उभी राहते. काकांनी आमच्या शेताची वाट काट्यांचं कुंपण घालून बंद केली होती आणि बाबांनी थेट विलायतेत शिकलेला बालिष्टर वकील गाठला होता, म्हणून त्याला बघायला अर्धं वडपे गाव आमच्याबरोबर आलं होतं. निजामपुऱ्यातल्या कापडाच्या लूमचा खडखडाट तिथवर ऐकू येत होता. बालिष्टर आला तो घामाघूम, काळ्या कोटाला डांबरगोळ्यांचा वास, आणि आमच्याशी चक्क साध्या मराठीत बोलायला लागला. आत्या पुटपुटली, “ह्यो कसला बालिष्टर? याला इंग्रजी येत न्हाय वाटतं.” समोर उभे असलेले काका मिशीत हसले. तेवढ्यात बालिष्टर आपल्या कारकुनाकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाला, “आय ॲम टेरिब्ली हंग्री.” बाबांची मान ताठ झाली. कारकून धावतच बाहेर गेला, तसा काकांचा चेहरा उतरला. हा आता कुठला कागद घेऊन येतो कोण जाणे, या धास्तीने ते बाबांजवळ आले. “दादा, कोर्ट कशाला? घे तुजी वाट.” त्या दुपारी काकांनी कुंपण हटवलं आणि आम्ही त्याच वाटेने शेतावरून नाचत घरी गेलो. बालिष्टरचं वाक्य मी पाठच करून टाकलं होतं. पुढच्या वर्षी पाचवीत गुरुजींनी ‘हंग्री’चा अर्थ सांगितला, तेव्हा मी वहीत तोंड खुपसून हसले, पण घरी काही बोलले नाही. परवा शेजारीण म्हणाली, “तुमची भाची एवढ्या मोठ्या लॉ कॉलेजातली, कोर्टात इंग्रजीच बोलत असेल.” मी म्हटलं, “हो, भूक लागली की.”