मागच्या दोन पायांची चाचणी

बू वुर्यांती (बू म्हणजे आमच्याकडे बाई) इंडोनेशियातल्या सोलो शहरात लग्नकार्यांना प्लास्टिकच्या खुर्च्या भाड्याने द्यायच्या. एका लग्नात त्यांच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ मागे रेलले, खुर्चीचे मागचे पाय फाकले आणि म्हाताऱ्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून बाईंचा एकच धोशा: खुर्चीच्या राष्ट्रीय मानकात मागच्या दोन पायांची चाचणी हवी.

त्या मानकाच्या समितीचा मी सचिव, बाई तिथे वापरणाऱ्यांच्या वतीने. चार वर्षं इतिवृत्तं लिहून जीव मेटाकुटीला आला. कारखानदार, वापरणारे, तज्ज्ञ, सरकारी माणसं सगळ्यांनी एकमत होईपर्यंत बसायचं. त्यात आम्हा जावातल्या लोकांना तोंडावर नाही म्हणण्याची चोरी. खुर्च्यांचे कारखानदार पाक गुनादी, म्हणजे गुनादीसाहेब, हसून विचारायचे, "बू, मागे रेलणं हा खुर्चीचा गैरवापरच की! वगळू या ना?"

"हो, हो," बाई मान खाली घालून म्हणायच्या. मी लिहायचो: एकमत.

मग बाहेर येऊन माझ्यावरच उखडायच्या. "मी कुठे कबूल केलं?"

"अहो, मग हो कशाला म्हणालात?"

"त्यांचा मान नको राखायला?"

भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं.

मसुदा दोन महिने लोकांच्या हरकतींसाठी खुला ठेवला. हरकत आली एकच, बाईंची. कागदावर त्यांना नाही म्हणता येत होतं. लेखी हरकत मिटल्याशिवाय राष्ट्रीय कार्यालय मंजुरी देत नाही. झालं, पुन्हा बैठक! गुनादींनी पुन्हा गोड आवाजात विचारलं. बाई घामाघूम झाल्या आणि म्हणाल्या, "नाही."

गुनादीच ओशाळले. "घाला, बू, घाला ती चाचणी. नाहीतरी मानक ऐच्छिकच आहे."

खरंच होतं ते. दोन वर्षांत एकाही कारखान्याने मानकाचा शिक्का मागितला नाही. माझी चार वर्षं फुकट गेली म्हणून मी चरफडत राहिलो.

गेल्या महिन्यात बाईंच्या मुलीचं लग्न झालं. मांडवभर नुसत्या चटया. गुडघे धरत खाली बसलेल्या गुनादींनी विचारलं, "बू, तुमच्या घरचं कार्य आणि खुर्च्या कुठे?"

"वाळूची पोती ठेवून, मागच्या दोन पायांवर कलती करून एकेक तपासली, पाक. एकही पास झाली नाही. सगळ्या भंगारात दिल्या."

"सगळ्या? मग धंदा?"

"बंद आहे," बाई त्यांच्यापुढे भाताचं ताट ठेवत म्हणाल्या. "तुमची खुर्ची पास झाली की उघडीन."