लाईट गेली की आप्पा गप्प

आमच्या भजनी मंडळात कार्यक्रम संपला, वायरी गुंडाळून झाल्या, चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "आप्पांचा तो किस्सा सांग रे!" मग एकातून दुसरा निघत जातो.

आप्पा आमचे ढोलकीवाले. अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात गेला. ढोलकी सुटली तशी त्यांची भाकरीही सुटली. म्हणून मंडळानं ढोलकीचे आवाज काढणारा, विजेवरचा ऑक्टोपॅड घेतला. त्याला काठी नुसती टेकवली तरी वाजतो. पहिल्या दिवशी स्टँड लावला, अडॅप्टर लावला, दिवा पेटला. आप्पांनी डाव्या हातानं काठी मारली. आवाजच नाही! परत मारली. नाही! आप्पांचे डोळे भरले. म्हणाले, "ह्योबी हात गेला म्हना की!"

आम्ही स्पीकरची वायर लावायलाच विसरलो होतो.

गंगाखेडला एक शोकसभा होती. पॅडला बराच वेळ हात लागला नाही, तर तो आपोआप बंद पडतो. पुढाऱ्याचं भाषण काही संपेना. शेवटी भजनाची वेळ आली, आप्पांनी काठी मारली, तर पॅड मेलेला. आप्पा माईकवरच म्हणाले, "साहेब, तुमी बोलायलात तवर ह्योबी झोपला बगा!"

पोखर्णीला एका आजीच्या वर्षश्राद्धाचं भजन होतं. शेजारी पिठाची गिरणी. ती सुरू झाली की व्होल्टेज पडायचं, आणि पॅड बंद होऊन पुन्हा पहिल्या नंबरवर चालू व्हायचा. पहिल्या नंबरला आम्ही वरातीचे आवाज भरलेले! आजीच्या फोटोसमोर विरहाचा अभंग, आणि आप्पांच्या काठीतून शिट्टी! आप्पा शरमून पाया पडायला निघाले. आजीचा मुलगा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आप्पा. मायबी अशीच मधीच वरडायची."

जिंतूरला ऐन रंगात लाईट गेली. पेटी चालू, टाळ चालू, आणि आप्पा पॅडच्या मुक्या रबरावर काठी मारतायत. मी कानात सांगितलं, "आप्पा, लाईट गेलीय."

"ठाऊक हाय. हाताला नको सांगू."



मग आप्पांची बायको, आमच्या काकू, गेल्या. आप्पांच्या घरचं सगळं त्यांच्यावरच होतं. आप्पा लिंगायत. त्यांच्यात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. बसवून, हार घालून, भजन म्हणत नेतात. आप्पा एवढंच म्हणाले, "मी वाजिवनार."

रस्त्यात पॅड चालवायचा कशावर? ट्रॅक्टरच्या बॅटरीला इन्व्हर्टर जोडला आणि आप्पांना ट्रॉलीत काकूंच्या समोर बसवलं. मठापाशी सगळे थांबले. इंजिनाच्या धडधडीत पॅड ऐकू येईना, म्हणून ट्रॅक्टर बंद केला. आप्पा वाजवतच राहिले. पुरे म्हणायची कुणाची छाती होईना, माझीही नाही. शेवटी पॅड आपणच बंद पडला. ड्रायव्हरनं चावी फिरवली. नुसतं खट्ट! बॅटरी पार उतरली होती.

माणसं धक्का द्यायला धावली. आप्पांनी काठी आडवी धरली.

"दम धरा रे. जनमभर चुलीपुढून ऐकलं तिनं. आज पयल्यांदाच समोर बसलीय."