उरेब रेघ

रविवार, १५ मार्च. मूग काल भिजत घातले, सकाळी वाटले, आणि गच्चीवर वड्या घातल्या. आमच्याकडे वड्यांना खाट लागत नाही, डिश आहे. आठ फूट रुंद, तारेच्या जाळीची, आभाळाकडे तोंड करून ठेवलेली परातच म्हणा. तिच्यावर जुनी धुतलेली साडी अंथरली की वरून ऊन आणि खालून वारा लागतो, दोन दिवसांत वड्या खडखडीत होतात.

डिश माझी नाही. जे ती घेऊन आले ते दीड वर्षापूर्वी मुलाकडे पुण्याला गेले. पण वड्या घालायला बसले की ऐकू येतं, "सरळ आहे म्हणजे घरचीच, वहिनी." हे म्हणताना ते चष्मा कपाळावर ढकलत आणि अंगठ्याचं नख लॅपटॉपच्या पडद्यावर टेकवून रेघेसोबत हळूहळू खाली आणत.

खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर मापं तपासली. सुट्या भागात केसाएवढा फरक निघाला तरी तो बाजूला. निवृत्त झाले, पण 'रिजेक्ट' हा शब्द घरी घेऊन आले. भाजीवाल्याची भेंडी रिजेक्ट, भाच्याला सांगून आलेलं स्थळ रिजेक्ट, माझा चहासुद्धा दोनदा. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच. आमच्या हिंदी मुलखातल्या चेरीतालच्या गल्लीत सगळे त्यांना 'डिशवाले अंकल' म्हणत. मी काका म्हणायची.

डिश एका केबलवाल्याच्या गोदामात गंजत पडलेली होती. हातगाडीवरून आली ती गल्लीत शिरेना. चौघांनी उभी करून आत घेतली आणि काका थेट माझ्या दारात.

"वहिनी, आमच्या घरावर कडुनिंब आहे. तुमची गच्ची मोकळी आहे."

"मोकळी आहे कारण मी तिथे कपडे वाळवते."

"वाळवा ना. दोरी जराशी सरकवा फक्त."

मी विचारलं, हिच्यावर कोणते चॅनल दिसणार. ते म्हणाले, "चॅनल नाही. मंगळाभोवती यान फिरून राहिलं. ते बोलते, आपण ऐकायचं."

"काय बोलतं?"

"ते नाही समजणार आपल्याले. पण बोलून राहिलं, एवढं तर समजेल."

"तिथून इथे येईपर्यंत उरतं काय त्याचं?"

"काहीच नाही उरत," ते खूश होऊन म्हणाले. "म्हणून तर मजा आहे."

मी दोरी सरकवली.

मग रोज सकाळी ते जिना चढून येत. जाळी जुनी, भोकं मोठी. बाजारातून डासांसाठीची तारेची जाळी आणून त्यांनी तिच्यावर शिवली. शिवली म्हणजे खरंच शिवली, माझ्याकडून दाभण घेऊन. मी घरी ब्लाउज शिवते, त्यामुळे मला त्यांचे टाके बघवेनात. शेवटी अर्धी जाळी मीच बसवली. माझ्या मशीनची मोटर सुरू झाली की त्यांच्या पडद्यावर ठिपके पडत. "वहिनी, पाऊस पडून राहिला," ते वरून सांगत, आणि मी पाय मारून मशीन चालवायची. गुडघे दुखले, पण काम थांबलं नाही.

दोन महिने पडद्यावर नुसती बारीक पांढरी खसखस होती. दसऱ्याच्या आधी एका सकाळी तिच्यात रेघ उगवली. वरून खालपर्यंत, दोऱ्यासारखी. काका खाली उतरले ते सरळ मिठाईवाल्याकडे गेले आणि खोव्याची जलेबी घेऊन आले. घरोघरी वाटली. समोरच्या भाभींनी दोन वेळा घेतली.

दुपारी परत सगळे गच्चीवर रेघ बघायला जमले. लॅपटॉप बॅटरीवर, डिशचा सिग्नल पकडणारा डबाही बॅटरीवर. तेवढ्यात गल्लीची लाईट गेली. आणि रेघही गेली.

मग भाभींनी जलेबीचा हात पदराला पुसत विचारलं, "क्यों अंकल, मंगल पे भी लाइट चली गई क्या?"

सगळी गच्ची हसली. काका हसले नाहीत. लाईट आली, रेघ आली. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, नख पडद्यावर टेकवलं, म्हणाले, "रिजेक्ट."

दुसऱ्या दिवशी ते ज्या ज्या घरी जलेबी दिली होती त्या प्रत्येक घरी गेले. "जलेबी परत नका करू," सांगत होते, "पण बातमी मी परत घेऊन राहिलो."

त्यांना रेघेचं घर शोधायचं होतं. मी म्हटलं, माझ्याकडे काही चालू नसतं, टीव्ही तर मी कालच बंद केला. त्यांनी मला पडद्यासमोर बसवलं आणि स्वतः खाली जाऊन भिंतीवरची बटणं एकेक करून दाबू लागले.

"गेली?"

"नाही."

"आता?"

"गेली."

टीव्हीशेजारचा सेट-टॉप डबा होता. मी तो रिमोटनं बंद करायची, म्हणजे लाल दिवा लावून जागाच ठेवायची. दुसऱ्यांना वीज वाचवायला सांगणारी मी. काका वर आले आणि पडद्यासमोर बसले.

"चुकी माझीच आहे, वहिनी," ते म्हणाले. "मंगळ तिकडे, आणि आपली गच्ची पृथ्वीसोबत फिरून राहिली. म्हणून त्याचा सूर घसरत जाते, रेघ तिरपी पडते. तुमचा डबा आपल्यासोबतच फिरते, तो काहून घसरेल? सरळ रेघ घरचीच असते. माहीत होतं मले. आनंदात विसरलो."

मग हळूच म्हणाले, "पोरगा सोमवारी न्यायला येऊन राहिला."

त्या दिवशी बुधवार होता. पुण्याच्या फ्लॅटमध्ये आठ फुटांची डिश जाणार नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. दोन महिन्यांची मेहनत, आणि हाती माझा टीव्हीचा डबा.

मी घरोघरी फिरले. रविवारी सकाळी आठ ते नऊ, पाच घरं, मेन स्विच बंद. फ्रिज नाही, पंखा नाही, मोबाइलचा चार्जर नाही. भाभी म्हणाल्या, "दीदी, पानी की मोटर तो चला लें?"

"सात बजे चला लो. आठ बजे सब बंद."

"और इनकी पूजा का मोबाइल? उसमें आरती बजती है."

"एक दिन खुद गा लें."

त्यांनी गायलीही. आठ वाजता भाभींच्या भाईसाहेबांचा आवाज पूर्ण गल्लीला ऐकू आला. सव्वाआठला पडद्यावर खसखस. साडेआठला खसखस. काका डिशला बोटानं ढकलत होते, दोराभर इकडे, दोराभर तिकडे. पावणेनऊला मला खसखशीत काहीतरी दिसलं. रोज सुईत दोरा ओवणाऱ्या माणसाला असलं लवकर दिसतं.

"काका, ही उरेब आहे."

"काय आहे?"

"उरेब. गळ्याची पट्टी कापताना कापड तिरपं धरतात, तशी. ही उभ्या धाग्यात नाही."

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. नख टेकवलं. रेघ नखाखालून निसटून बाजूला गेली, त्यांनी परत टेकवलं, ती परत निसटली. मग उठून त्यांनी डिश मंगळावरून चार बोटं सरकवली. रेघ गेली. परत जागेवर आणली. आली. असं तीनदा केलं. खाली कुठेतरी शेवटची आरती संपत आली होती.

"पास," काका म्हणाले.

इतक्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मग ते डिशच्या कडेला धरून हसायला लागले, थांबेचनात. भाभींनी विचारलं, "अब क्या बोला मंगल?" ते म्हणाले, "कुछ नहीं, भाभी. बस, बोल रहा है." नऊ वाजून गेले तरी कोणी मेन स्विच लावायला उठलं नाही. जलेबी या वेळी मी आणली.

सोमवारी जाताना जिन्यात थांबून म्हणाले, "डिश कबाडात नका देऊ. वड्या वाळवा."

पुण्याला ते अकराव्या मजल्यावर राहतात. सोसायटीच्या गच्चीला कुलूप आहे. आज दुपारी फोन आला. "अर्ज दिला होता छोट्या डिशसाठी. दोनदा आला परत."

"काय लिहून आला?"

"रिजेक्ट," ते म्हणाले आणि इतके हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "तिसरा लिहून राहिलो. मी तरी कोणाले पहिल्यांदा पास केलं होतं? तुमचा डबा बंद आहे ना?"

"बंद आहे," लाल दिव्याकडे बघत मी म्हटलं.

सोमवार, १६ मार्च. सकाळी सहाला उठले. टीव्हीचा डबा भिंतीवरच्या बटणानं बंद केला, गच्चीवर जाऊन वड्या उलटल्या, आणि मग चहा ठेवला.